मनाली–लेह रस्त्यावर माणसाला थांबायला जागा द्या

प्रति,
माननीय संरक्षण मंत्री,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
महासंचालक, सीमा रस्ते संघटना (बीआरओ),
तसेच हिमाचल प्रदेश आणि लडाखचे प्रशासन

विषय: राष्ट्रीय महामार्ग ३ वर (मनाली–लेह रस्ता) हिमाचलमधल्या दारचापासून लडाखमधल्या उपशीपर्यंतच्या टप्प्यात विश्रांतिस्थळं, स्वच्छतागृहं आणि प्राथमिक उपचारांची सोय करण्याबाबत

स. न. वि. वि.

जून २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सीमाभागातल्या रस्त्यांवर ७५ ठिकाणी ‘बीआरओ कॅफे’ या नावाने प्रवासी सुविधा उभारायला मंजुरी दिली. गाड्या लावायला जागा, खाण्यापिण्याची सोय, स्त्रिया, पुरुष आणि दिव्यांगांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, प्रथमोपचाराची खोली, असं सगळं त्यात होतं. लडाखच्या यादीत सरचू, पांग, डेबरिंग आणि रुमत्से ही नावं होती. मनाली–लेह रस्ता एकदा जरी केला असेल तरी ही नावं वाचून माणूस म्हणेल, चला, अखेर कुणीतरी नेमक्या जागी बोट ठेवलं.

पण ही योजना परवाना पद्धतीची आहे. खासगी संस्थेने आराखडा करायचा, बांधायचं, चालवायचं; परवाना १५ वर्षांचा. माझी तक्रार इथूनच सुरू होते. मनालीत किंवा लेह शहरात हे जमेल. पण पांग साधारण ४६०० मीटरवर आहे, आणि तिथला धंदा वर्षातून जेमतेम पाच-सहा महिन्यांचा. तिथे चहा-मॅगी विकून कुणी ऑक्सिजनची खोली आणि ती चोवीस तास सांभाळणारा शिकलेला माणूस ठेवेल, ही अपेक्षाच मला मान्य नाही. जीव वाचवण्याची सोय दुकानाच्या गल्ल्यावर सोपवता येत नाही.

मी सांगलीची. गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या कुटुंबांचे छोटे गट घेऊन मी या रस्त्याने जाते. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले असतात, शिक्षिका असतात, तासगावकडचे द्राक्षबागायतदार असतात. बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली, आणि दहा हजार फुटांच्या वर जायची आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांच्या मुलांनी त्यांना माझ्या भरवशावर सोडलेलं असतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. जाहीर लिहिते आहे ते अशासाठी, की पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत दर उन्हाळ्यात जे कुणी बुलेटला कॅरियर बसवून या वाटेला लागतात, त्यांनीही ते वाचावं.

सीमा रस्ते संघटनेच्या माणसांबद्दल मनात आदर आहे, हे आधीच सांगते. बारालाचा खिंडीच्या दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच बर्फ कापून दरवर्षी हा रस्ता मोकळा करणं येरागबाळ्याचं काम नव्हे. झारखंडातल्या दुमका भागातून आलेले मजूर तोंडाला फडकं बांधून, डांबराच्या धुरात, अशा उंचीवर खडी पसरताना मी पाहिले आहेत जिथे आम्हाला नुसतं चालताना थांबावं लागतं. तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. त्यांच्यासाठीही आहे.

रस्ता जसजसा सुधारला, तसतसा तो माणसाच्या शरीराला जड होत गेला, हे माझं मुख्य म्हणणं आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. मनाली–लेह अंतर ४६ किलोमीटरने घटलं, चार-पाच तास वाचले. हिवाळ्यात जगापासून तुटणाऱ्या लाहौलच्या लोकांना या बोगद्याने काय दिलं, ते तिथल्या आमच्या चालकाकडून मी ऐकलं आहे. त्याचं मोल कमी लेखत नाही. पण पूर्वी रोहतांग खिंडीच्या चिखलात आणि रांगेत दिवस जायचा आणि पहिला मुक्काम आपसूक केलाँगला किंवा जिस्पाला पडायचा, ३१००-३३०० मीटरच्या आसपास. शरीराला एक रात्र मिळायची. आता मनालीत पोहे-पराठे खाऊन निघालेली गाडी संध्याकाळी सरचूला पोचते. आदल्या रात्री २०५० मीटरवर झोपलेला माणूस त्या रात्री ४२९० मीटरवर झोपतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं उंचीच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. इथे ती एका दिवसात २२०० मीटरहून जास्त वाढते, आणि अमुक ठिकाणी थांबा, असं सांगणारं वाटेत कुणी नसतं. काही बहाद्दर तर मनाली ते लेह एका दमात गाठतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात.

दुसऱ्या एखाद्या घाटात कुणाला त्रास झाला तर गाडी वळवायची आणि खाली उतरायचं. इथे खाली उतरायलाच वाट नाही. सरचूहून मनालीकडे परतायचं तर आधी सुमारे ४८९० मीटरचा बारालाचा चढावा लागतो. लेहकडे जायचं तर गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला (‘ला’ म्हणजे खिंड) आणि मग ५०५९ मीटरचा लाचुंग ला. पांगला अडकलेल्या माणसाच्या एका बाजूला हाच लाचुंग ला आणि दुसऱ्या बाजूला ५३२८ मीटरचा तंगलांग ला. पाच हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. ज्याला खाली नेऊन वाचवायचं, त्याला आधी आणखी वर न्यावं लागतं. म्हणून या रस्त्यावर विश्रांतिस्थळ ही चैन नाही, तो उपचाराचा भाग आहे.

आमच्या गटातल्या एका काकांना सरचूच्या तंबूत रात्री धाप लागली. आडवं होता येईना. ओठ निळसर पडले, खोकल्याबरोबर फेसाळ थुंकी यायला लागली. ऑक्सिमीटरचा आकडा साठीच्या खाली. छावणीत सिलिंडर होता, पण त्याचा व्हॉल्व्ह उघडायची चावी सापडेना. स्वयंपाकाच्या तंबूतून कुणीतरी पाना आणला. व्हॉल्व्ह फिरला, काटा किंचित हलला आणि शून्यावर येऊन थांबला. आमच्या चालकाने कुणालाही न विचारता गाडी सुरू केली. काकूंनी काकांना मागच्या सीटवर पाठीमागून धरून बसतं ठेवलं. बारालाचा चढताना आमच्याजवळचे ऑक्सिजनचे छोटे डबे एकामागून एक रिकामे झाले. वाटेत ना उजेड, ना फोनला रेंज, ना मदत मागावी असं एखादं दार. दारचा मागे पडलं तेव्हा त्यांचा श्वास जरा सैल झाला, आणि पहाटे केलाँगच्या रुग्णालयात ऑक्सिजन लागला. काका वाचले, आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्री आमच्या हाताशी होती ती फक्त चालकाची हिंमत आणि त्याच्या पायाखालचा रस्ता. सगळ्यांना असा चालक मिळत नाही.

पांगच्या लष्करी तळावरच्या वैद्यकीय पथकाने आजवर कितीतरी पर्यटकांना आणि ट्रकवाल्यांना ऑक्सिजन दिला आहे, सांभाळलं आहे. जवानांचे आभार मानावे तेवढे थोडेच. पण ते तिथे सैन्यासाठी आहेत. राष्ट्रीय महामार्गावरच्या नागरिकांची जबाबदारी त्यांच्या चांगुलपणावर किती दिवस ढकलायची?

आता ज्या गोष्टीबद्दल सहसा कुणी जाहीर बोलत नाही, ती बोलते. पांग सोडलं की मोरेचं पठार लागतं, चाळीसेक किलोमीटर सपाट. झाड नाही, झुडूप नाही, आडोशाला धोंडाही नाही. तिथे आमच्या बायका आळीपाळीने शाल पसरून एकमेकींना आडोसा करतात. वारा शाल उडवतो, मागून टँकर येतो, हॉर्न वाजवतो. साठीच्या बाईला हे करावं लागतं तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही. चहा नको म्हणते. “ताई, मला तहानच नाही,” असं सांगते, आणि खरं कारण मला माहीत असतं. त्या कोरड्या हवेत पाणी तोडलं की डोकं दुखायला लागतं, मळमळतं, गळून जायला होतं. उंचीच्या आजाराची सुरुवातही हुबेहूब अशीच होते. मग ही नुसती तहान आहे की पुढच्या संकटाची चाहूल, हे ओळखायला माझ्याजवळ काही उरत नाही. पाळी चालू असलेल्या मुली, मधुमेही, प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष, सगळ्यांची हीच गत. ज्यांना गुडघ्यात वाकता येत नाही त्यांचं काय होतं, ते लिहितही नाही.

झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, पांग, डेबरिंग इथे हंगामात तंबूचे ढाबे असतात. त्यांच्यामागे पत्रे उभे करून केलेला खड्डा, हीच काय ती सोय. ढाबेवाल्यांना मी दोष देत नाही. चार-पाच महिने थंडीत राहून ते आम्हाला गरम राजमा-चावल देतात, रस्ता बंद पडला की एका तंबूत पंचवीस माणसांना रजया देतात. पण तो खड्डा भरला की त्याचं पुढे काय होतं? ओढे तिथेच आहेत, आणि पिण्याचं पाणीही त्यांचंच.

गोठणाऱ्या थंडीत स्वच्छतागृह चालणारच नाही, असं कुणी सांगू नये. सियाचीनसारख्या ठिकाणासाठी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने थंडीत काम करणाऱ्या जिवाणूंचं जैविक शौचालय तयार केलं आहे. आणि लडाखच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोरडी शौचालयं वापरात आहेत: वरच्या मजल्यावर माती-राख टाकायची, खाली खत तयार होतं, पाण्याचा थेंब लागत नाही. उन्हाने खोली उबदार ठेवणाऱ्या भिंती कशा बांधायच्या, हे लेहच्या गवंड्यांना येतं. सिमेंट-काचेचं काही नवीन आणायची गरज नाही.

ट्रकवाल्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. हिवाळ्याआधी लडाखला लागणारं डिझेल, गॅस, धान्य या रस्त्याने चढतं. हे चालक केबिनमध्येच झोपतात. थंडीला इंजिन चालू ठेवतात, किंवा बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवतात, आणि बंद जागेतल्या धुराने जीव जाऊ शकतो हे माहीत असूनही पेटवतात, कारण दुसरा इलाज नसतो. महामार्गावर चालकांसाठी निवारा हवा हे तुमच्याच धोरणात आहे, आणि राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला प्रवासी सुविधा देण्याचं रस्ते मंत्रालयाचं उद्दिष्टही आहे. दारचा सोडल्यापासून रुमत्सेपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या घरात बारमाही वस्तीचं एक गाव नाही. या नियमाची जिथे खरी कसोटी आहे, तो हा टप्पा.

संपर्काची कथाही तशीच. मोठमोठे पट्टे असे आहेत जिथे फोन नुसता खिशातलं ओझं असतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तर लडाखमध्ये चालतच नाही, आणि हे बऱ्याच जणांना सरचू ओलांडल्यावर कळतं. सॅटेलाइट फोन आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही. सीमाभाग आहे, कारणं समजू शकते. पण नागरिकाला ते साधन बाळगायची मुभा नसेल, तर ते ठिकठिकाणी उपलब्ध ठेवणं सरकारचं काम ठरतं. सप्टेंबरातसुद्धा बारालाचावर अचानक बर्फ पडतं. दुपारनंतर वितळलेल्या बर्फाने नाले फुगतात, सकाळी जिथून दुचाकी सहज गेली तिथे संध्याकाळी गुडघ्याच्या वर पाणी असतं. पुढे रस्ता बंद आहे हे माणसाला बंद रस्त्यासमोर जाऊन उभं राहिल्यावर कळतं, आणि तेव्हा मागे फिरायलाही उजेड उरलेला नसतो.

कुणी म्हणेल, तुम्हाला तिकडे जायला सांगितलंय कुणी? हे वाक्य मी बऱ्याच वेळा ऐकलं आहे. पर्यटन खात्यांच्या जाहिरातींनीच सांगितलं आहे, हे एक उत्तर. दुसरं जास्त महत्त्वाचं: तो रस्ता आमच्यासाठी नाहीच मुळी. लडाखची मुलं याच रस्त्याने शिकायला मनाली-चंदीगडकडे जातात, रुग्ण जातात, बाळंतिणी जातात, मजूर येतात-जातात. आम्ही आठवडाभर गैरसोय सोसून घरी परततो. त्यांचा तो रोजचा रस्ता आहे.

आणि हा प्रश्न थांबणारा नाही. २६ जुलै २०२४ ला शिंकू ला बोगद्याचं काम सुरू झालं. ४.१ किलोमीटरचा तो बोगदा झाला की झंस्करमधून जाणारा दारचा–पदुम–निम्मू हा रस्ता बारमाही होईल, गाड्या वाढतील, वेग वाढेल, ऐन जानेवारीतही लोक त्या उंचीवर असतील. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गावर आम्ही हे बघितलं आहे: गाड्या आधी धावायला लागल्या, थांबायच्या जागा मागाहून आल्या. तिथे निदान आजूबाजूला गावं आहेत. झंस्करच्या वाटेवर तीच चूक करू नका.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. ‘बीआरओ कॅफे’च्या यादीतल्या सरचू, पांग, डेबरिंग आणि रुमत्से या चार ठिकाणी आज नेमकं काय उभं आहे, कुणाला परवाना दिला आहे, काय बाकी आहे, हे ठिकाणवार जाहीर करा.

२. या चार ठिकाणी, आणि बारालाचाच्या अलीकडे झिंगझिंगबार किंवा पत्सेओला, एक पक्की उबदार खोली सरकारी खर्चाने बांधा. वर खानावळ खासगी चालवायला हरकत नाही, पण उपचाराची खोली परवान्याच्या नफ्या-तोट्यात अडकवू नका. तिथे ऑक्सिजन काँसन्ट्रेटर, भरलेले सिलिंडर आणि त्यांची चावी, रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवता येतो ती पिशवी, आणि हे सगळं वापरता येणारा माणूस हंगामभर चोवीस तास हवा. सिलिंडर दर आठवड्याला तपासल्याची तारीख भिंतीवर लिहिलेली असावी.

३. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, आतून कडी लागणारी कोरडी किंवा जैविक शौचालयं, एक दिव्यांगांना आणि वृद्धांना बसता येईल असं. मोरेच्या पठारावर मध्ये एक तरी. देखभालीचं काम सध्याच्या ढाबेवाल्यांना मोबदला देऊन द्या. त्यांना तिथून हुसकावून विश्रांतिस्थळं बांधायची असतील तर तशी विश्रांतिस्थळं आम्हाला नकोत.

४. प्रत्येक खोलीत सॅटेलाइट फोन किंवा वायरलेस, आणि केलाँगच्या रुग्णालयाशी व लेहच्या सोनम नोरबू स्मृती रुग्णालयाशी थेट संपर्क. मधल्या टप्प्यासाठी हंगामात दोन रुग्णवाहिका, एक सरचूला, एक पांगला.

५. दारचाला पोलीस गाड्यांची नोंद करतातच. तिथेच प्रत्येकाला विचारा, काल रात्री कुठे झोपलात? मनाली असं उत्तर आलं तर केलाँग-जिस्पाला मुक्काम करायला सांगा आणि कारणही सांगा. हीच नोंद उपशीला जुळवून पाहा, म्हणजे न पोचलेल्या गाडीचा शोध घेता येईल.

६. तुमच्या पिवळ्या पाट्या लोक आवडीने वाचतात. त्यांच्याच शेजारी तीन आकडे लिहा: इथली उंची, पुढचं शौचालय किती किलोमीटरवर, पुढची उपचाराची खोली किती किलोमीटरवर. मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती, कुठल्याही प्रवाशाला समजेल असं एक चित्रही काढा.

७. ट्रकचालकांसाठी आणि रस्त्यावरच्या मजुरांसाठी झोपायची उबदार जागा, मोफत किंवा नाममात्र दरात.

८. या रस्त्यावर उंचीच्या आजाराने आणि अपघाताने दरवर्षी किती माणसं गेली, किती वाचवली, हे हंगाम संपल्यावर एकत्रितपणे प्रसिद्ध करा. हिमाचलचा आकडा वेगळा, लडाखचा वेगळा, सैन्याचा तिसराच, असं नको.

यातल्या ५ आणि ६ क्रमांकाच्या मागण्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. त्या येत्या हंगामात रस्ता उघडण्याच्या दिवशीच अमलात याव्यात. ऑक्सिजन, शौचालयं आणि संपर्क यांची तात्पुरती सोय, अगदी तंबूतली असली तरी, त्याच हंगामात व्हावी. पक्क्या बांधकामाला दोन उन्हाळे लागतील हे आम्ही समजून घेऊ, पण त्यांचं वेळापत्रक आधी जाहीर करा.

रस्ता एकाने बांधायचा, महामार्ग म्हणून दुसऱ्याने मिरवायचा, रुग्णालय तिसऱ्याचं आणि सरचूच्या अलीकडे-पलीकडे प्रशासन बदलायचं, यात आजवर विचारायचं कुणाला हेच कळलेलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना एकत्र लिहिलं आहे. या टप्प्यासाठी जबाबदार असा एक अधिकारी नेमा आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक दारचा आणि उपशीच्या नाक्यावर लावा. उत्तर मला एकटीला पाठवू नका, जाहीर द्या.

कळावे,
आपली,
सांगलीहून गट घेऊन येणारी एक प्रवासी